ट्रॅक्टरला ऑटो-स्टिअर घेताना: आधी विचारा, दुरुस्ती कुठून येते?

ऑटो-स्टिअर, म्हणजे उपग्रहांच्या आधाराने ट्रॅक्टर आपोआप सरळ नेणारं यंत्र, दाखवायला येणारा प्रत्येक जण आधी स्क्रीन दाखवतो. दहा इंची, रंगीत, तिच्यावर आपल्या शेताचा नकाशा, सरळ रेघा आणि मधून चालणारा छोटासा ट्रॅक्टर. मग तो ड्रायव्हरला हात सोडायला सांगतो, स्टिअरिंगचं चाक आपोआप फिरायला लागतं, धुऱ्यावर उभी असलेली मंडळी मोबाइल काढतात आणि भावाची बोलणी सुरू होतात. गेलं वर्षभर मी या एकाच खरेदीच्या मागे होते. इतकी यंत्रं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: चाक फिरवणारी मोटर आणि स्क्रीन आता बहुतेकांची चांगलीच असते. पैसे द्यायचे असतात ते दुरुस्तीचे. उपग्रहाच्या संदेशातली चूक कोण दुरुस्त करतं, ती दुरुस्ती ट्रॅक्टरपर्यंत कशी पोचते, आणि जूनमध्ये आखलेली रेघ ऑगस्टमध्ये त्याच जागी सापडते का, हे सगळं स्क्रीनवर दिसत नाही.

आमचं शेत वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात. काळी भारी जमीन, तीन तुकड्यांत मिळून बावीस एकर. खरिपात सोयाबीन आणि त्यात तूर, रब्बीत हरभरा. ट्रॅक्टर माझे धाकटे दीर चालवतात. हंगामात गावातल्या बाकीच्यांची पेरणीही तेच भाड्याने करून देतात. हिशेब, खरेदी आणि यंत्रांची माहिती काढणं माझ्याकडे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातलं चालवतानाचं शहाणपण भाऊजींचं, कागदावरचं माझं.

आधी हे सांगते की आम्हाला हे हवं कशाला होतं. बियाणं वाचतं म्हणून घ्या, असं जवळजवळ सगळे विक्रेते सांगतात. हिशेब करून बघा. सात दात्यांचं पेरणी यंत्र, दोन तासांत (पेरलेल्या ओळींत) ४५ सें.मी. अंतर, म्हणजे एका फेरीत ३१५ सें.मी. रुंदी. दर फेरीला १५ सें.मी. आधीच्या फेरीवर चढलं तर साधारण पाच टक्के जमीन दुबार पेरली जाते. एकरी तीस किलो सोयाबीन धरलं तर दीड किलो बियाणं. तेवढ्यासाठी कोणी लाखांचं यंत्र घेऊ नये.

खरी अडचण पेरणीनंतर सुरू होते. एका फेरीचं शेवटचं तास आणि पुढच्या फेरीचं पहिलं तास यांच्यातलं अंतर ड्रायव्हरच्या नजरेवर असतं. ते कुठे ३५ होतं, कुठे ६०. बैलांच्या डवऱ्याला (ओळींमधलं तण काढायच्या कोळप्याला) याचं काही वाटत नाही, हाकणारा माणूस तासागणिक सावरून घेतो. पण बैलजोड्या गावात बोटावर मोजण्याइतक्या उरल्या आणि डवरणी ट्रॅक्टरने करायची वेळ आली, की हीच वाकडी जोड नडते. डवऱ्याच्या पासा (पाती) ४५ वर बांधलेल्या असतात. अंतर ३५ असेल तिथे पीक कापलं जातं, ६० असेल तिथे तण राहतं. पुढे फवारणीला ट्रॅक्टर शिरला की चाकाखाली उभं पीक येतं. पट्टापेरीत सातवं तास मुद्दाम मोकळं सोडायचं, त्यातून माणूस किंवा चाक जायचं, आणि पुढच्या वर्षीही चाकाच्या वाटा त्याच ठेवायच्या, म्हणजे बाकीची जमीन दबत नाही, हा आमचा बेत. त्यासाठी रेघ नुसती सरळ असून भागत नाही. ती परत सापडली पाहिजे.

माझे सासरे, मामाजी, तिफणीने पेरायचे. त्यांची तासं आजही गावात नावाजली जातात. पहिल्यांदा यंत्र पाहून ते एवढंच म्हणाले, "सरळ तं मीबी पेरत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच तासात येते का ते पाहा." यंत्र निवडायची याहून चांगली कसोटी मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नाही.

आता दुरुस्तीबद्दल. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांच्याबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैदू असे बाकीचेही. हल्लीची बहुतेक यंत्रं हे सगळे वापरतात, त्यामुळे "आमचं यंत्र इतके उपग्रह पकडतं" या वाक्यावर भुलून जायचं कारण नाही. संदेश खाली येताना वातावरणाच्या वरच्या थरात रेंगाळतो, उपग्रहाच्या घड्याळात बारीक चूक असते, आणि एवढ्यानेच नुसत्या यंत्राची जागा काही मीटरने चुकते. मोबाइलवर रस्ता शोधायला ते चालतं, ४५ सें.मी.च्या तासाला नाही.

ही चूक काढायचे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींची किंमत वेगवेगळी आहे.

पहिला मार्ग आपल्याच देशाचा, गगन. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने विमानांसाठी उभारलेली ही यंत्रणा. दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांवरून येते, फुकट मिळते, सिम लागत नाही. विमानाला धावपट्टीवर आणायला ती उत्तम आहे. शेतात मात्र लागोपाठच्या दोन फेऱ्यांत ती ठीक वाटते, पण जेवून परत येईपर्यंत तीच रेघ हातभर सरकलेली असते. रुंद बूमने फवारणी करायची, खत फेकायचं, तर चालेल. पेरणीला घेऊ नका. आमच्याकडे आलेलं सर्वांत स्वस्त यंत्र याच जोरावर "सेंटिमीटरची अचूकता" सांगत होतं. सांगणाऱ्याला मी शांतपणे विचारलं, "किती वेळाने मोजलेली?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा मार्ग म्हणजे पैसे भरून उपग्रहावरून घ्यायची बारीक दुरुस्ती. मोठ्या परदेशी कंपन्या ती वार्षिक वर्गणीवर देतात. शेताजवळ आपलं दुसरं यंत्र बसवावं लागत नाही, मोबाइलची रेंज लागत नाही. पण यंत्र सुरू केल्यावर पुरती अचूकता यायला वेळ लागतो आणि वर्गणी दरवर्षी भरावी लागते. युरोपच्या गॅलिलिओने जानेवारी २०२३ पासून अशीच एक सेवा फुकट सुरू केली आहे, तिची अचूकता साधारण २० ते २५ सें.मी.ची. पुढे ती सुधारेल तेव्हा छोट्या शेतकऱ्याचा मोठा फायदा होईल असं मला वाटतं. आज पेरणीला ती अपुरी आहे.

तिसरा मार्ग आरटीके, आणि पेरणी-डवरणीसाठी माझ्या मते हाच. जवळपास एका पक्क्या जागी दुसरं यंत्र बसवायचं, त्याला बेस म्हणतात. बेस हलत नाही, त्यामुळे या क्षणी उपग्रह त्याला किती चुकीची जागा सांगताहेत हे त्याला कळतं, आणि तीच चूक तो ट्रॅक्टरला कळवतो. वजनकाटा दोन किलोने चुकीचा असला तरी एकाच काट्यावर तोललेल्या दोन पोत्यांतला फरक बरोबरच येतो, तसं हे आहे. शिवाय आरटीके संदेशाची लहरच मोजतं. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सें.मी. आहे, आणि तिचाही बारीक भाग मोजला की जागा दोन-अडीच सें.मी.पर्यंत येते. स्क्रीनवर 'फिक्स' लिहून येतं तेव्हा ही मोजणी पक्की झालेली असते. 'फ्लोट' आलं की नसते, आणि तेव्हा ट्रॅक्टर थांबवायचा. भाऊजींनी हे दोन शब्द स्टिअरिंगशेजारी मराठीत रंगवून ठेवले आहेत, म्हणजे बदली ड्रायव्हरचाही गोंधळ होत नाही.

आरटीके घ्यायचं ठरलं तरी दुरुस्ती कोणाची, हा प्रश्न राहतोच. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर कायमस्वरूपी केंद्रांचं जाळं उभारलं आहे, त्याला कॉर्स म्हणतात. गावात मोजणीला येणारे भूकरमापक हल्ली साखळीऐवजी काठीवर बसवलेला रोव्हर (उपग्रहांचे संदेश घेणारं फिरतं यंत्र) आणतात, तो याच जाळ्यावरून दुरुस्ती घेतो. ट्रॅक्टरही इंटरनेटवरून अशी दुरुस्ती घेऊ शकतो. त्याला डेटा फारसा लागत नाही, तासाला थोडेच एमबी. पण ती अखंड लागते. आमचा मधला तुकडा नाल्याच्या खोलगटात आहे. तिथे फोन लावायचा तर बांधावर चढावं लागतं. अशा जागी इंटरनेटवरच अवलंबून असलेलं यंत्र मधूनच फिक्स सोडतं, आणि वाफसा असताना ते परवडत नाही. म्हणून आम्ही स्वतःचा बेस घेतला, घराच्या धाब्यावर पक्क्या खांबावर बसवला, इन्व्हर्टरला जोडला, अर्थिंग केलं, आणि दुरुस्ती रेडिओ व इंटरनेट दोन्हींवरून जाईल असं पाहिलं.

रेडिओबद्दल विक्रेते एक गोष्ट आपणहून सांगत नाहीत. ४१० ते ४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला जास्त ताकदीचा रेडिओ लावायचा तर दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या ताकदीपर्यंत परवान्याशिवाय वापरता येतो. बाहेरून आणलेल्या कित्येक संचांत पहिलाच प्रकार असतो. विकत घ्यायच्या आधी लेखी विचारा.

आता बेसच्या जागेविषयी. पुढची गोष्ट समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला आणि समजल्यावर निम्मी यंत्रं माझ्या यादीतून गेली. बेस पहिल्यांदा सुरू केला की तो काही मिनिटं उपग्रह ऐकून सरासरी काढतो आणि आपली जागा स्वतःच ठरवतो. ही ठरवलेली जागा खऱ्या जागेपासून मीटरभर चुकलेली असू शकते. त्याने बिघडत नाही, ट्रॅक्टरच्या रेघा बेसच्या मानाने बरोबरच येतात. पण तोच तिपाईवरचा बेस रात्री बंद केला आणि सकाळी पुन्हा सुरू केला, की तो पुन्हा नवी सरासरी काढतो. नवी जागा, नवी चूक, आणि कालची सगळी शेतं एका दिशेला सरकतात. स्क्रीनवर फिक्स असतं, रेघ सरळ असते, आणि डवरा पिकातून जातो. उपाय सोपा आहे: एकदा ठरलेले बेसचे अक्षांश, रेखांश आणि उंची यंत्रात कायमचे भरून ठेवायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. दाखवायला आणलेल्या यंत्रात असे आकडे हाताने भरता येतात का, हे तिथल्या तिथे करून दाखवायला सांगा. विक्रेत्याला ते जमलं नाही तर पुढे सर्व्हिसला येणाऱ्यालाही जमणार नाही.

याला जोडून एक गंमत, जी मला फार आवडली. आपण ज्या भूपट्टावर राहतो तो वर्षाला सुमारे ५ सें.मी. ईशान्येकडे सरकतो आहे. उपग्रहावरून थेट दुरुस्ती घेणाऱ्याची रेघ पृथ्वीच्या जागतिक चौकटीला धरून असते, म्हणून पाच वर्षांपूर्वी आखलेली रेघ आज सुमारे २५ सें.मी. बाजूला दिसेल. आपला बेस मात्र आपल्या शेताबरोबरच सरकतो, त्यामुळे त्याच्या रेघा जागच्या जागी राहतात. ज्यांच्याकडे ठिबकच्या नळ्या जमिनीत गाडलेल्या आहेत त्यांनी हे नक्की लक्षात घ्यावं. कॉर्स आणि घरचा बेस आलटून पालटून वापरायचा असेल तर बेसची जागा एकदा कॉर्सवरूनच मोजून भरावी, नाहीतर दोघांच्या रेघा जुळत नाहीत.

प्रात्यक्षिक कसं घ्यायचं, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. शेवटी मामाजींचीच कसोटी धरली. शेताच्या दोन टोकांना खुंट्या ठोकायच्या, त्यांच्यातून रेघ आखायची, ट्रॅक्टर नेऊन मागे फक्की पाडायची. मग बेस, ट्रॅक्टर, सगळं बंद. दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने सुरू करून तीच रेघ उघडायची आणि फक्कीपासून किती अंतरावर येते ते टेपने मोजायचं. विक्रेते याला वेळ देत नाहीत, त्यांना त्याच दिवशी पुढच्या गावाला जायचं असतं. ज्याने मुक्काम करायची तयारी दाखवली, त्याच्याशीच आम्ही पुढची बोलणी केली.

आणि एक फेरी संध्याकाळची घ्या, सूर्य मावळल्यानंतर. हे मला सगळ्यांना कळकळीने सांगायचं आहे, कारण परदेशी माहितीपत्रकात ते नसतं. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात, म्हणजे भारताच्या मोठ्या भागात, सूर्यास्तानंतर वरच्या वातावरणात विजेचा भार असमान होतो आणि उपग्रहांचे संदेश थरथरतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात हे जास्त होतं, आणि सूर्यावरच्या हालचाली जोरात असलेल्या वर्षांत अधिकच. सूर्याचं सध्याचं चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर पोचलं. आता आमच्याकडचा हंगाम बघा. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरात हरभरा पेरायचा, जमिनीतली ओल उडून जायच्या आत, म्हणून रात्री दिवे लावून पेरायचा. म्हणजे नेमकी तीच वेळ. आमच्या प्रात्यक्षिकात एका यंत्राने दिवेलागणीनंतर फिक्स सोडलं आणि बराच वेळ धरलंच नाही. दुसरं, जे दोनपेक्षा जास्त लहरी वापरत होतं आणि ज्याचा बेस अगदी जवळ होता, ते एखाददुसऱ्या झटक्यावर निभावलं. बेस जितका जवळ तितकं बरं. अंतरामुळे वाढणारी चूक कागदावर दर किलोमीटरला एक मिलिमीटर एवढीच असते; या दिवसांत ती त्याहून पुष्कळ वाढते.

अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यात १० मे २०२४ च्या सौर वादळात ऐन पेरणीत आरटीके बंद पडलं आणि कित्येकांनी ट्रॅक्टर उभे केले. त्यांचे ट्रॅक्टर, त्यांची शेतं आपल्या कितीतरी पटींनी मोठी. तरी थांबावं लागलं. म्हणून हाताने सरळ चालवायची सवय घरात ठेवा. भाऊजी आजही एखादा तुकडा मुद्दाम हाताने पेरतात.

आता ट्रॅक्टरकडे येते. आपल्याकडचे संच बहुधा दोन प्रकारचे. एकात मूळ स्टिअरिंगचं चाक काढून त्या जागी मोटरवालं चाक बसतं, दुसऱ्यात हायड्रॉलिकच्या नळीत झडप बसवतात. आपल्या पन्नास अश्वशक्तीच्या आतबाहेरच्या ट्रॅक्टरला पहिलं पुरतं, बसवायला सोपं, काढून दुसऱ्या ट्रॅक्टरला लावता येतं. मात्र पॉवर स्टिअरिंग हवंच. साध्या स्टिअरिंगच्या जुन्या ट्रॅक्टरला मोटर लावून देतो म्हणणारे भेटले. ओल्या काळ्या मातीत ती मोटर चाक किती वेळ ओढेल, याचा विचार तुम्हीच करा. त्याआधी पुढच्या चाकांच्या आसाचं (अ‍ॅक्सलचं) काम करून घ्या. टाय रॉडचे एंड झिजलेले, स्टिअरिंगमध्ये चार बोटं मोकळी फिरकी, अशा ट्रॅक्टरला जगातलं कुठलंही यंत्र सरळ नेणार नाही, ते डावी-उजवी करत सापासारखं जाईल. फिटिंगमुळे ट्रॅक्टरची वॉरंटी जाते का, हेही ट्रॅक्टरवाल्याकडून लेखी घ्या.

अँटेना छतावर असते, जमिनीपासून सुमारे अडीच मीटरवर. ट्रॅक्टर उतारावर फक्त दोन अंशांनी कलला तरी अँटेना जवळजवळ ९ सें.मी. बाजूला जाते; पाच अंशांनी कलला तर २२ सें.मी. म्हणजे अर्धं तास गेलं. हा कल मोजून हिशेबात धरणारा सेन्सर यंत्रात असतो, पण बसवताना तो नीट जुळवावा लागतो. तपासायची पद्धत सोपी: एकाच रेघेवर उताराला आडवं एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून जायचं. चाकाच्या खुणा एकावर एक आल्या तर ठीक. एकमेकींपासून बाजूला हटल्या तर जुळवणी चुकली आहे.

आणि भाऊजींचा प्रश्न, जो त्यांनी प्रत्येक विक्रेत्याला विचारला: "ट्रॅक्टर सरळ जाईन, पण मागचं पेरणी यंत्र जाईन का?" यंत्राला अँटेनाची जागा कळते, पेरणी यंत्राची नाही. उतारावर ते खालच्या अंगाला घसरतं. तीन-बिंदू जोडणीच्या बाजूच्या साखळ्या घट्ट करणं, पेरणी यंत्र बरोबर मधोमध जोडणं, दाते मोजून बसवणं हे सगळं हाताने करायचं काम आहे. पेरणी यंत्र तीन सें.मी. एका अंगाला जोडलं गेलं तर जाताना-येताना जोडीची अंतरं आळीपाळीने सहा सें.मी.ने कमी-जास्त होतात. आम्ही दर पेरणीआधी टेप लावतो. वेगाचंही विचारा. काही यंत्रं ताशी दोन किलोमीटरच्या खाली अडखळतात. ऊस किंवा हळदीची लागण ट्रॅक्टरमागे बसून करणाऱ्यांनी त्याच वेगाने चालवून बघावं.

किमती मला साडेतीन ते साडेसहा लाखांपर्यंत सांगितल्या गेल्या, बेस धरून किंवा न धरून. ट्रॅक्टरच्या निम्म्या किमतीची ही वस्तू आहे. फुकट सॉफ्टवेअर घेऊन स्वतः जुळवणी करण्याचा रस्ताही आहे. कॅनडातल्या ब्रायन टिश्लर या शेतकऱ्याने सुरू केलेलं अ‍ॅगओपनजीपीएस जगभर वापरलं जातं, सुटे भाग घेऊन निम्म्याहून कमी खर्चात काम होतं. अशा मोकळ्या हाताने ज्ञान वाटणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. घरात सोल्डरिंग येणारं, संगणकात रमणारं कोणी असेल तर त्यांनी जरूर करावं. आमच्याकडे तसं कोणी नाही, आणि वाफसा तीन-चार दिवसांचा असतो. म्हणून आम्ही ज्याचा तंत्रज्ञ अकोल्यात राहतो आणि फोन लावल्यावर त्याच दिवशी निघतो, त्याचं यंत्र घेतलं. हंगामाच्या आधी त्या तंत्रज्ञाशी बोला, मालकाशी नाही. त्याच्याकडे किती ट्रॅक्टर आहेत, जूनमध्ये मोटर बिघडली तर बदली मोटर शेल्फवर आहे का, की बाहेरून येईपर्यंत थांबायचं, हे त्यालाच माहीत असतं.

पाच-सात एकरवाल्याने हे घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने असं यंत्र असलेल्याकडून पेरून घ्यावं. आणि ज्यांचे तुकडे साठ-सत्तर मीटरचे, तिरके, मध्ये बाभळी-निंबाची झाडं, त्यांचा निम्मा वेळ वळण्यात जातो. वळण अजून बहुतेक यंत्रांत हातानेच घ्यावं लागतं. लांब तासांच्या शेतात मात्र जो फायदा आम्हाला सर्वांत जास्त जाणवला तो विक्रेत्यांनी सांगितलाच नव्हता. भाऊजींची मान आता मागे वळलेली असते. आधी नजर पुढे खुणेवर असायची आणि पेरणी यंत्राची नळी तुंबली तर धुऱ्यावर पोचल्यावर कळायचं, तोवर एक अख्खं तास बियाण्याविना गेलेलं. आता नळी तुंबली की दहा पावलांत कळतं. दिवसभर पेरून आल्यावर त्यांचे खांदे भरून येत नाहीत, हेही मी त्यात धरते.

एका गोष्टीवर मात्र मी कोणाचंच ऐकत नाही. हे यंत्र चाक फिरवतं. ते बघत नाही, थांबत नाही. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी आहेत, नाल्याचे खचलेले काठ आहेत, पेरणी यंत्रामागे बियाणं घेऊन चालणारी बाई आहे, मडगार्डवर बसायचा हट्ट धरणारं पोर आहे. ट्रॅक्टर सरळ रेघेत विहिरीतही तितक्याच अचूकपणे जाईल. चालत्या ट्रॅक्टरवरून उतरून मोबाइलमध्ये व्हिडिओ काढणारे मी पाहिले आहेत, कृपा करून तसं करू नका. आमच्या नियमांत सीट सोडायची नाही, मडगार्डवर कोणी बसायचं नाही, आणि विहिरीभोवतीचा भाग नकाशात असला तरी तिथे चाक हातात घ्यायचं. चाक हाताने जोरात फिरवलं की यंत्र सुटलं पाहिजे, हे रोज सकाळी पहिल्या फेरीला तपासायचं.

आमच्या बेसला वर्ष व्हायचं आहे. एक बेस कितीही ट्रॅक्टरांना दुरुस्ती देऊ शकतो. त्याला एक आणि दहा सारखेच. तरी शेजारच्या दोन गावांत तिघांनी तीन बेस घेतले, प्रत्येकी वेगळा, एकमेकांशी न जुळणारा, म्हणजे एकाच्या ट्रॅक्टरने दुसऱ्याच्या शेतात जाऊन कालच्या रेघेवर काम करायची सोय नाही. गटाने मिळून एकच बेस घ्यावा, पक्क्या जागी, आकडे सगळ्यांच्या वहीत. आमच्या धाब्यापासून आठ-दहा किलोमीटरच्या आत ज्यांचं शेत आहे त्यांनी बेसवर खर्च करू नये. यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, आरटीसीएम या खुल्या पद्धतीची दुरुस्ती घेणारं तेवढं असू द्या. रेडिओचा पट्टा आणि इंटरनेटचा पासवर्ड भाऊजी देतील. पैसे नकोत. हरभऱ्याच्या पेरणीआधी एकदा संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन या, तुमच्या शेतात रेंज कुठे तुटते ते बरोबरच फिरून पाहू.